फ्लायव्हीलखालची वीज

होडीच्या पिछाडीच्या फळीला बाहेरून आवळायचे, दांड्याने वळवायचे आणि काम संपले की सोडवून घरी न्यायचे यंत्र म्हणजे आउटबोर्ड मोटर. सरकारी कागदांत आणि बंदरावरच्या बोलण्यात तिला ‘ओबीएम’ म्हणतात. मोटर नीट चालते पण बॅटरी चार्ज होत नाही, ही या यंत्राबाबत नेहमी ऐकू येणारी तक्रार आहे आणि मोटरगाडीचा अनुभव गाठीशी असलेला कारागीर तिच्यापाशी हमखास फसतो. मोटरगाडीत डायनामो आणि बॅटरी ही जोडी इंजिनाच्या रचनेत लवकर मुरली. आउटबोर्डमध्ये मात्र बॅटरीला आधी बाहेर काढण्यात आले, चाळीसेक वर्षे बहुतेक साऱ्या मोटरी तिच्यावाचून चालल्या आणि गिऱ्हाइकाला सोय हवी झाली तेव्हा तिला पुन्हा आत घेण्यात आले. चार्जिंगची व्यवस्था या यंत्राच्या मूळ आराखड्यात नव्हतीच. ती फ्लायव्हीलखाली उरलेल्या जागेत टप्प्याटप्प्याने बसवली गेली, आणि आजचे बहुतेक बिघाड त्या टप्प्यांच्या सांध्यांवरच होतात.

आश्चर्य असे की, या वंशाचा पहिला पुरुष विजेवरच चालत होता. पॅरिसचा यंत्रकार ग्युस्ताव्ह त्रुव्हे याने १८८१ च्या मे महिन्यात सीन नदीवर एक होडी चालवली, तिच्या सुकाणूच्या माथ्यावर लहानशी विजेची मोटर होती आणि सुकाणूतच पंखा बसवलेला होता. हा सारा संच होडीवरून उचलून काढता येई. त्याला वीज मिळे ती बायक्रोमेटच्या घटांतून, म्हणजे जस्त आणि आम्ल संपले की निकामी होणाऱ्या, पुन्हा भरता न येणाऱ्या बॅटरीतून. पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी गॅस्तों प्लांते याने १८५९ मध्येच तयार केली होती आणि त्रुव्हेच्याच वर्षी कामीय फोर याने पाट्यांवर लेप देऊन ती धंद्यात वापरण्याजोगी केली, पण होडीवर ती भरायची कशाने, हा प्रश्न उरत होता. उत्तर नसल्याने त्रुव्हेची वाट तिथेच थांबली.

पेट्रोलची आउटबोर्ड अमेरिकेतली. येल विद्यापीठात कायदा शिकलेल्या कॅमेरॉन वॉटरमन याने डेट्रॉइट येथे १९०५ च्या सुमारास प्रयोग सुरू केले आणि १९०७ मध्ये पेटंट मिळवले. त्याच्या मोटरी हजारांनी खपल्या, तरी पुढे नाव राहिले ते ओले एव्हिनरूड याचे. एव्हिनरूडचा जन्म १८७७ मध्ये नॉर्वेत झाला. लहानपणीच तो आईवडिलांबरोबर विस्कॉन्सिनला आला आणि मिलवॉकी शहरात साचेकाम आणि यंत्रकाम शिकला. १९०९ मध्ये त्याने विकायला काढलेली मोटर दीड अश्वशक्तीची होती, वजन ६२ पौंड म्हणजे सुमारे २८ किलो आणि किंमत ६२ डॉलर. जाहिराती आणि हिशेब ही बाजू त्याची पत्नी बेस हिने सांभाळली, आणि तिच्यावाचून हा धंदा उभा राहिला नसता, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

या पहिल्या मोटरींत ठिणगीसाठी कोरडे घट वापरत. घटांतला कमी दाबाचा प्रवाह कॉइलमध्ये, म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या दुहेरी तारेच्या वेटोळ्यात, जाई. योग्य क्षणी तो तोडला की दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा झटका उठे आणि स्पार्क प्लगच्या टोकांशी ठिणगी पडे. कारखान्यात ही रचना उत्तम चालते. होडीत मात्र घटांची लाकडी पेटी पायाशी असे, तिच्यात पाणी शिरे, तारांच्या टोकांवर गंज चढे, आणि नदीच्या मधोमध मोटर बंद पडली की मालक कार्ब्युरेटरला दोष देई. सुरुवातीच्या आउटबोर्ड मोटरींच्या वाईट कीर्तीत या ओल्या पेटीचा वाटा मोठा होता.

त्यावरचा तोडगा म्हणजे मॅग्नेटो. तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक सरकला की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये दाखवले होते, आणि त्या तत्त्वावर ठिणगी पाडणारे उच्च दाबाचे यंत्र रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये सिद्ध केले. मोटरगाडीचा मॅग्नेटो ही इंजिनाशेजारी बसणारी स्वतंत्र पेटी होती. आउटबोर्डला एवढी जागा परवडणारी नव्हती, म्हणून चुंबक थेट फ्लायव्हीलमध्येच ओतण्यात आला. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे जड चाक, पिस्टनच्या दोन धक्क्यांमधील काळात गती टिकवणारे. ते फिरणारच, तर त्याच्या पोटात चुंबक आणि त्याखालच्या स्थिर पाटीवर कॉइल बसवली की ठिणगीला बाहेरून काहीच लागत नाही. १९१४ च्या सुमारास हा फ्लायव्हील मॅग्नेटो एव्हिनरूडच्या मोटरींत आला, आणि पुढे दोरी गुंडाळून ओढली की मोटर सुरू, ही रीत रूढ झाली. आउटबोर्डच्या इतिहासात अश्वशक्तीच्या आकड्यांचा गाजावाजा फार होतो. पण हा चुंबक त्या साऱ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण त्याने ठिणगी आणि बॅटरी यांचे नाते तोडले. बॅटरी ठार मेलेली असतानाही मोटर धडधडत राहते, हे आजच्या मालकाला कोड्यासारखे वाटते. त्याचा उगम या फारकतीत आहे.

विरोधी मतही होते, आणि ते खुद्द एव्हिनरूडचेच. पत्नीच्या प्रकृतीमुळे त्याने १९१४ मध्ये आपला हिस्सा विकला होता. १९२१ मध्ये तो ‘एल्टो’ या नावाने ॲल्युमिनियमची हलकी दोन सिलिंडरची मोटर घेऊन परतला, तेव्हा तिला त्याने पुन्हा बॅटरीचीच ठिणगी दिली. त्यामागे कारण होते. मॅग्नेटोची वीज फिरण्याच्या वेगावर अवलंबून असल्याने हळू फिरवल्यास ठिणगी दुबळी पडते, तर बॅटरीची ठिणगी वेगाची वाट पाहत नाही. म्हणून एल्टो दोरीवाचून, चाकाला हाताने एक हिसका देऊन सुरू होई. पुढच्याच वर्षी जॉन्सन बंधूंची ३५ पौंडांची मोटर मॅग्नेटोसह आली आणि दशकभर दोन्ही पंथ शेजारी शेजारी नांदले. अखेर मॅग्नेटोची सरशी झाली. कमी वेगात दुबळा हा त्याचा दुर्गुण मात्र पुढे चार्जिंगच्या कॉइलनेही वारशात घेतला.

बटण दाबून मोटर सुरू करण्याची कल्पना १९३० मध्ये बाजारात आली. एव्हिनरूड, एल्टो आणि लॉकवुड या कंपन्यांच्या १९२९ मधील एकत्रीकरणातून निघालेल्या कंपनीने ती आणली होती. जड बॅटरी, जड स्टार्टर आणि वर महामंदी, अशा तिहेरी ओझ्याखाली ती टिकली नाही. १९५० च्या दशकात परिस्थिती पालटली. युद्धानंतरच्या अमेरिकेत तलावकाठी सुट्टी घालवणारा मध्यमवर्ग वाढला, मोटरी २५ अश्वशक्तीपुढे गेल्या आणि एवढे इंजिन दोरीने ओढणे सगळ्यांच्या ताकदीचे राहिले नाही. १९५४ मध्ये एव्हिनरूडच्या २५ अश्वशक्तीच्या मोटरीला विजेचा स्टार्टर मिळाला, ज्याला आपल्याकडे नुसते ‘सेल्फ’ म्हणतात, आणि त्याबरोबर बॅटरी होडीत परतली.

बॅटरी आली की ती भरण्याची चिंता आली. प्रारंभी पुष्कळ मालक ती घरी नेऊन भरत. मग मोटरगाडीतला डायनामो लहान करून इंजिनाला जोडण्यात आला: फिरणारे वेटोळे, त्याच्या टोकाशी तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर, त्यावर घासणारे कार्बनचे ब्रश, आणि इंजिन मंदावले असता बॅटरीतली वीज उलटी डायनामोत वाहू नये म्हणून ‘कटआउट’ नावाचा चुंबकी दरवाजा. समुद्रावर या रचनेचे आयुष्य थोडे होते, कारण खाऱ्या हवेत कॉम्युटेटर काळा पडतो, ब्रश अडकतात आणि कटआउटच्या टोकांवर मीठ बसते. त्या काळातली चार्जिंगची दुरुस्ती म्हणजे बहुधा ब्रश काढणे, घासणे आणि पुन्हा बसवणे एवढीच होती.

डायनामोची जागा १९६० च्या दशकात अल्टरनेटरने घेतली, आणि इथेच आउटबोर्ड व मोटरगाडी यांच्या वाटा फुटल्या. अल्टरनेटर म्हणजे दिशा सतत पालटणारा, प्रत्यावर्ती प्रवाह देणारे जनित्र. बॅटरीला एकाच दिशेचा प्रवाह लागत असल्याने दोहोंमध्ये रेक्टिफायर, म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडांचा संच, आवश्यक ठरतो. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले तेव्हाच हे शक्य झाले, आणि क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला तोही त्यामुळेच. परंतु गाडीच्या अल्टरनेटरमधले चुंबकत्व विजेवर निर्माण केलेले असते. गरज संपली की रेग्युलेटर ते चुंबकत्वच कमी करतो आणि वीज आपोआप घटते. आउटबोर्डमध्ये फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला कायम चुंबकांची माळ आणि तिच्या आत स्टेटर, म्हणजे स्थिर गाभ्यावरच्या कॉइलांचे कडे, अशी योजना झाली. ब्रश गेले, कॉम्युटेटर गेला, हलणारा भाग एकही वाढला नाही, जागाही जुन्या मॅग्नेटोचीच वापरली गेली. अडचण एवढीच की कायम चुंबकाला ‘आता पुरे’ असे सांगता येत नाही.

सुरुवातीच्या अभियंत्यांनी ही अडचण चक्क सोसली, आणि त्यालाही भौतिकशास्त्राचा आधार होता. चुंबकांचे बारा ध्रुव असतील तर प्रत्येक फेऱ्यामागे प्रवाहाची सहा आवर्तने होतात. मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या मंद गतीत सेकंदाला ७५ आणि ५००० फेऱ्यांना सेकंदाला ५०० आवर्तने. आवर्तने वाढली तसा कॉइलचा स्वतःचा विरोधही वाढतो, आणि म्हणून ठरावीक वेगानंतर प्रवाह फारसा चढत नाही. सहा किंवा दहा अँपिअरचा स्टेटर मग अखंड चालला तरी पातळ आम्लाची बॅटरी तो पचवून टाकी. तिच्यातले पाणी थोडे उकळे आणि मालक महिन्याकाठी डिस्टिल्ड वॉटर ओती. म्हणजे त्या मोटरींत रेग्युलेटर नव्हता असे म्हणणे पूर्ण खरे नाही, कारण ते काम बॅटरीच करत होती. याच रचनेने एक जीवघेणी खोडही ठेवली: प्रवाहाला लगाम असला तरी मोकळ्या टोकांवरच्या दाबाला तो नसतो, आणि मोटर चालू असताना बॅटरीची केबल सुटली किंवा कोणी मुद्दाम काढली, तर दाब क्षणात एवढा चढतो की डायोड फुटतात. केबली उलट्या लावल्यानेही तेच होते. जळालेल्या रेक्टिफायरांमागे बहुतेक वेळा हीच दोन कारणे सापडतात, आणि दोन्ही माणसाच्या हातून घडलेली असतात.

मोटरी मोठ्या झाल्या, स्टेटर ३५ अँपिअरांवर गेले, बॅटऱ्या बंदिस्त आणि पाणी न ओतता येणाऱ्या आल्या, तेव्हा बॅटरीच्या भरवशावर राहणे संपले आणि रेग्युलेटर रेक्टिफायरच्याच डबीत बसवण्यात आला. चुंबक आवरता येत नसल्याने या रेग्युलेटरची पद्धत उफराटी असते. बॅटरी साधारण साडेचौदा व्होल्टला पोहोचली की तो स्टेटरची जादा वीज त्याच्याच टोकांवर शॉर्ट करून टाकतो आणि ती उष्णता होऊन संपते. भरलेल्या बॅटरीवर तासन्‌तास भरधाव जाणाऱ्या मोटरीत स्टेटर आणि रेग्युलेटर दोन्ही सर्वांत जास्त तापतात. काही मोठ्या मोटरींत रेग्युलेटरच्या पाठीशी थंड पाणी फिरवावे लागले ते यासाठी. ही तोड कल्पक होती यात शंका नाही, पण तिच्यामुळे जळणाऱ्या भागांत एका भागाची भर पडली, हेही नमूद केले पाहिजे.

बॅटरी चार्ज न होणाऱ्या मोटरीची तपासणी या इतिहासाच्या उलट दिशेने, बाहेरून आत जाते, आणि अनुभवी कारागीर फ्लायव्हीलला हात सर्वांत शेवटी लावतो, कारण ते उतरवायला पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचे अवजार, लागते. प्रथम मोटर बंद ठेवून बॅटरीचा दाब मोजतात. पूर्ण भरलेली निरोगी बॅटरी विसाव्यात सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. मग मोटर सुरू करून वेग वाढवला असता आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान चढला पाहिजे. तो जागचा हलला नाही तर वीज येत नाही. पंधरापलीकडे गेला तर रेग्युलेटर आवरत नाही. आणि मोटरीपाशी साडेचौदा पण बॅटरीपाशी साडेबारा दिसले तर चोर मधल्या केबलीत आहे. होडीवर हा तिसरा प्रकार बराच आढळतो. तारेवरचे आवरण बाहेरून नवे दिसते, पण टोकाशी बोटभर सोलले की आतले तांबे लखलखीत न निघता काळे किंवा हिरवे निघते, कारण खारे पाणी तारेच्या पेडांमधून केशाकर्षणाने वीतभर आत चढलेले असते. बॅटरीच्या टोकांवर विंग नट म्हणतात तो हाताने आवळायचा नट असेल, तर कंपनाने तो सैल होतो आणि वर सांगितलेला डायोडांचा घातही त्याच वाटेने होतो.

केबली आणि फ्यूज निर्दोष ठरले की रेक्टिफायरची पाळी येते. प्रत्येक डायोड मीटरवर एका बाजूने वाट देतो आणि दुसऱ्या बाजूने अडवतो; दोन्हीकडून वाट देणारा किंवा दोन्हीकडून अडवणारा मेलेला समजावा. त्याआधीच एक फुकटची खूण मिळालेली असते. बऱ्याच मोटरींचा टॅकोमीटर, म्हणजे फेरे दाखवणारा काटा, आपली स्पंदने चार्जिंगच्या तारांतूनच घेतो. तो काटा शून्यावर पडला किंवा थरथरू लागला की दोष रेक्टिफायर किंवा स्टेटरमध्ये आहे, असे मीटर न लावताही म्हणता येते. स्टेटरच्या तारा सुट्या करून त्यांच्यामधला रोध मोजला तर तो अगदी थोडा, बहुधा ओमभर किंवा त्याहून कमी, भरतो. तारा आणि इंजिनाचे धातूचे अंग यांच्यामध्ये मात्र मीटरने काहीच वाट दाखवता कामा नये. एव्हिनरूड, जॉन्सन आणि मर्क्युरी यांच्या पुष्कळ मोटरींत या तारा पिवळ्या असतात, यामाहात हिरव्या. स्टेटर जळाल्याची खात्री नुसत्या नजरेनेही पटते: कॉइलांवर ओतलेली राळ वितळून खालच्या पाटीवर तपकिरी थेंबांनी गोठलेली असते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ठिणगीसाठीही कॅपॅसिटर भरून सोडणारी इलेक्ट्रॉनिक रचना आली आणि तिची कॉइल त्याच कड्यावर बसली. पण ती वेगळी असल्याने चार्जिंगचा अर्धा स्टेटर कोळसा झाला तरी ठिणगी निकोप राहू शकते. मोटर छान चालते, या एका वाक्याने म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

कित्येक तक्रारींमध्ये बिघाड नसतोच. सेल्फने तीन सेकंद दीडशे अँपिअर ओढले तरी बॅटरीतून अँपिअर-तासाचा आठवा हिस्साच जातो आणि सहा अँपिअरचा स्टेटर तो काही मिनिटांत परत करतो. परंतु ७० अँपिअर-तासांची बॅटरी रात्रभर दिवे आणि पंपावर अर्धी उतरवली, तर तोच स्टेटर भरवेगात सहा तास चालवावा लागेल, आणि गळ टाकून मंद गतीत चालवला तर दिवस पुरणार नाही. मॅग्नेटोचा वारसा इथे आडवा येतो.

जपानी कंपन्या या धंद्यात उतरल्या त्या डायनामो जाऊन अल्टरनेटर येण्याच्या काळात: तोहात्सु १९५६ मध्ये, यामाहा १९६०, होंडा १९६४ आणि सुझुकी १९६५ मध्ये. पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये आउटबोर्डच्या धुराचे नियम केले आणि साध्या टू-स्ट्रोक कार्ब्युरेटर मोटरींची जागा फोर-स्ट्रोक, इंधन फवारणाऱ्या मोटरी घेऊ लागल्या. फवारणीला, पेट्रोलच्या पंपाला आणि संगणकाला वीज लागते. त्यामुळे १९१४ ची फारकत मोठ्या मोटरींपुरती रद्द झाली. पूर्वी चार्जिंग बंद पडले तर दिवे विझत, आता मोटर बंद पडू शकते.

भारतीय किनाऱ्यावर हा इतिहास याच क्रमाने घडला नाही. एव्हिनरूडच्या जन्मभूमीची मदत १९५३ मध्ये इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाच्या रूपाने कोल्लमजवळ पोहोचली, पण मासेमारीत तिने रुजवली ती होडीच्या आत बसणारी इंजिने. आउटबोर्ड केरळच्या वल्ह्याच्या होड्यांवर मोठ्या प्रमाणात चढली ती १९८० च्या दशकात, आणि तीही मुख्यतः जपानी, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी, दोरी ओढायची. महाराष्ट्रातल्या यांत्रिक मासेमारीचा कणा आतले डिझेल इंजिन हाच राहिला आणि त्याचा पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर ट्रक-ट्रॅक्टरच्या कारागिराला परिचित असतो. कोकण-गोव्यातल्या लहान होड्यांनी आउटबोर्ड स्वीकारली तरी रॉकेलच्या मोटरीला बॅटरीच नसल्याने चार्जिंगचा प्रश्न उद्भवत नसे. तो उद्भवला तारकर्ली-मालवणच्या पर्यटन होड्या, गोव्यातले जलक्रीडेचे धंदे आणि आपत्ती निवारण दलांच्या रबरी बोटी यांच्याबरोबर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरात अशाच बोटींनी माणसे बाहेर काढली. या प्रकारच्या बोटी वर्षातले बरेच महिने गोदामात उभ्या असतात, त्या काळात बॅटरी वापराविना स्वतःच उतरत जाते, आणि सरावासाठी पंधरा मिनिटे चालवलेली मोटर सेल्फने खाल्लेले तेवढे भरून देते, महिन्यांचा ऱ्हास नव्हे. सेल्फ फिरेना म्हणून ‘चार्जिंग बंद’ असा शेरा मारून दुरुस्तीला धाडलेल्या मोटरीचा स्टेटर अशा वेळी ठणठणीत असतो. बॅटरी मात्र गोदामातल्या भिंतीवरच्या चार्जरला लावायची राहिलेली असते.